अंबडला बंद पडलेली गाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. लेकीला न्हाई, सुनेला न्हाई. तुम्हाला तरी का सांगून राह्यले? — असू द्या. बसलाच आहात तर ऐका.

माझा धाकटा भाऊ मिलिंद फौजेत होता अन् कविता करायचा. लढाईवरून एक पाय अधू करून आला, सोबत एक वही. मी शाळा बघितली न्हाई. त्या वहीवर बोट फिरवून फिरवूनच वाचायला शिकले. निम्म्या कविता मेलेल्या सोबत्यांच्या. निम्म्या वाट बघणाऱ्या एका माणसाच्या — गळ्यात टेप, दातात दोरा, मशीनची खडखड. लोक म्हणायचे, बायकोवर किती जीव याचा! आता त्याच्या बायकोनं कधी सुईत दोरा ओवला नव्हता. आम्हीच बळंच लगीन लावलं. वर्षभरात ती माहेरी गेली, ती गेलीच. तिचा काय दोष?

मशीन दत्ताची होती. वडीगोद्रीला रोडच्या कडेला त्याचं शिलाईचं दुकान. मिलिंद तिथून आला की हसायचा — एरवी नुसती दारू. मला कळत नव्हतं का? बिलकुल कळत होतं.

तर यंदा जालन्याच्या काही मंडळींनी मिलिंदवर सिनेमा काढला. वही मीच दिली. त्यांनी विचारलं, शेवटी कसे गेले? मी म्हणले, बायकोची वाट बघत, दाराला नजर लावून. विहारासमोर पडदा बांधला. सिनेमात बायको मशीनवर बसलेली, गळ्यात टेप! शेवटाला ती पळत येते, त्याचा हात धरते. बाया डोळ्याला पदर लावून रडल्या. शेजारची शांता तेवढी मला कोपर मारून म्हणली, "आक्का, तुमची भावजय इतकी गोरी कधी होती ओ?"

दत्ता सगळ्यात मागच्या खुर्चीवर होता. म्हातारा झालाय आता.

मिलिंद कसा गेला — ते सांगते. सांगतेच.

काविळीनं आडवा पडला. डॉक्टर म्हणले, घरी न्या. मला म्हणला, "आक्का, दत्ताला बोलव. जल्दी." मी म्हणले, धाडलाय माणूस. कुणाला धाडलं होतं? कुणालाच न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं, तर मी म्हणले, निघालाय रे, अंबडला गाडी बंद पडलीय म्हणे, पट्टा तुटला. किती बराबर खोटं बोलले बघा — पट्ट्यासकट! तो हसला. "चालत येईल तो," म्हणला. अन् दाराकडं बघत राह्यला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

का केलं? दत्ता आला असता तर उशाशी बसला असता, हात धरून रडला असता — अन् अंगणात सगळा गाव. ते मला नको होतं. एवढंच. दत्ताला सगळं उरकल्यावर कळलं. आला, ओट्यावर टेकला, पाणी प्याला, गेला.

अन् आता इतक्या वर्षांनी, सिनेमा सुटल्यावर, लोक खुर्च्या उचलत होते तेव्हा तो माझ्याजवळ आल्ता. म्हणला, "मशीन झ्याक दाखवली, आक्का. पायडलसुद्धा तसंच." खांद्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. मंग — "एक विचारू? शेवटाला त्यानं माझं नाव घेतलं व्हतं का?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. ज्या गावाला भ्याले, त्यातली निम्मी माणसं कधीच मरून गेली. मंग मी कुणाला भीत होते?

"न्हाई," म्हणले. "बायकोचंच घेत होता."

"बरं," म्हणला. रुमाल खांद्यावर टाकला अन् फाट्याकडं चालत गेला.

घेतलं होतं. तीन दिवस तेवढंच एक नाव. शेवटच्या सकाळी आवाज निघत नव्हता, तर नुसत्या ओठांनी. मी वाटीनं पाणी पाजत होते, तर वाटीच्या काठावर तेच ओठ हलत होते.

वडीगोद्रीची गाडी रोज सकाळी आमच्या फाट्यावर थांबते. मी अजून चढले न्हाई.