घरची वाकडी सुरी

लोहाराच्या घरात लग्न करून आले तेव्हा वाटलं होतं, आता जन्मभर धारदार सुरीची ददात नाही. माझे वडील कारकून. माहेरी एकच सुरी होती आणि ती टोमॅटोलाही घाबरायची. इथं तर सासऱ्यांच्या हातच्या विळ्या-खुरप्यांसाठी वाशीच्या आठवडी बाजारात लोक थांबून राहत. पण स्वयंपाकघरात पाहते तर काय, विळीचं पातं झिजून बोटभर उरलेलं. आणि सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, स्वतःसाठी एक वाकडी सुरी वापरत. टोक एका बाजूला गेलेलं, मधेच एक खळगा. दात नसल्यामुळं ते काकडीच्या, पेरूच्या पातळ फोडी करून खात. त्या ध्यानानं इतक्या पातळ फोडी कशा होत, देव जाणे. गिऱ्हाईकानं ही पाहिली तर आल्या पावली परत जाईल, असं मी एकदा चेष्टेनं म्हटलं. ते नुसते हसले. चांगलं ते सगळं बाजारात आणि घराला मात्र उरलंसुरलं, याला मी मनातल्या मनात कंजूषपणा म्हणत असे.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली. नवरा पुण्याच्या कंपनीत, पंधरा दिवसांनी येतो. घरात आम्ही दोघंच. गेल्या वर्षी खुरपणीच्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं, म्हाताऱ्याला एक चांगली सुरी द्यावी. त्यांनीच ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून घडवलेलं एक सुरेख पातं विक्रीच्या गठ्ठ्यातून काढलं. जुन्या सुरीची शिसवी मूठ हातानं गुळगुळीत झालेली, ती टाकवेना. म्हणून एका सकाळी ती ठोकून सोडवली आणि नव्या पात्याची शेपूट चुलीत तापवून तिच्यात बसवली. एवढं बघून बघून आलं होतं. जुनं पातं भट्टीजवळच्या भंगारात टाकून दिलं आणि स्वतःवर खूश झाले.

संध्याकाळी ताटाशेजारी सुरी ठेवली. मामांनी मूठ ओळखली, बोटं पुढं पात्यावर गेली आणि थांबली. जुनं पातं कुठंय, त्यांनी विचारलं. भंगारात, मी सांगितलं. ते जेवण तसंच ठेवून उठले. ढिगातला एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला. मिळालं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात मूठही नाही. दुपारी त्यांनी स्वतःच ते पातं भट्टीत घातलं होतं आणि त्याचं एक खुरपं केलं होतं. दिवसभरात एका शेतकऱ्यासाठी तशीच बारा खुरपी झाली होती. ती सगळी पुढ्यात घेऊन ते एकेकावरून हात फिरवत बसले. कुठलं ते सांगता येईना.

"ती तुझ्या आत्याबाईची सुरी," ते म्हणाले. "लगीन झाल्यावर तिनं पैल्यांदा घण मारला, त्या दिसाची."

मग सावकाश सगळं सांगितलं. नवी सून पहिल्यांदा घण मारते ते पातं त्यांच्या घरात विकत नाहीत. कितीही वाकडं होवो, ते घरात वापरायचं, झिजून संपेपर्यंत. मला रडू आवरेना. मी पाया पडले. चूक तुझी न्हाय, माझ्या डोळ्याची हाय, असं ते म्हणत राहिले, आणि त्यानं जास्तच रडू येत होतं.

थोड्या वेळानं मी विचारलं, मग माझं पातं कुठंय?

त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "तू शिकलेली, नोकरदाराच्या घरची. घण धर म्हणायला माझी जीभ रेटली न्हाय."

सहा वर्षं मला भट्टीवर कुणी बोलावलं नाही, याचा मला आनंदच होता. हात खराब होणार नाहीत म्हणून. त्या रात्री त्या आनंदाची लाज वाटली.

सकाळी तो शेतकरी ठरल्याप्रमाणे बारा खुरपी घेऊन गेला. मामा दारात उभे राहून तो वळणाआड जाईपर्यंत पाहत होते. ते आत आल्यावर मी पदर खोचला आणि घण उचलला. त्यांनी भट्टी फुलवली. पाट्याचा एक तुकडा तापवला, सांडशीत धरून ऐरणीवर ठेवला. घाव कुठं घालायचा ते लहान हातोडीनं टकटक करून दाखवत होते. दोन घाव बरे पडले. तिसरा घसरला आणि पातं कडेला वळलं. सरळ करून द्या, मी म्हटलं. त्यांनी ते तसंच पाण्यात बुडवलं.

"असू दे. हे इकायचं न्हाय."

मी घण खाली ठेवला. सवयीनं मी चहा ठेवायला आत निघाले, तर त्यांनी हाक मारली.

"चहा ऱ्हाऊ दे. बस हितं. उद्या घण उचलताना उजवा पाय जरा मागं ठेव."