बशीतलं काळीज

अंडीवाल्या मावशी दर बुधवारी वैशाखऱ्याहून एसटीने आमच्या मुरबाडच्या प्रयोगशाळेत फलित अंडी आणायच्या. त्यांत एखादं उकडलेलं हमखास असायचं. "तुमी नीट बघता का नाय, ते तपासते," म्हणायच्या.

औषधं तपासायला आम्ही अंड्यातल्या पिल्लाच्या पेशी वाढवतो, हे कळल्यावर मात्र त्या टोपली मांडीवर घट्ट धरून बसल्या. "पिल्लांचा जीव घेता? नाय देणार."

मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखालची बशी दाखवली. त्यांच्याच अंड्यातल्या काळजाच्या पेशी तिथे अजून धडधडत होत्या. मावशी कितीतरी वेळ डोळा लावून उभ्या राहिल्या. मग टोपली माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाल्या,

"बाय, आमचे मालक गेल्या साली गेले. त्यांचं नको हां परत चालू करू. आता कुठं घर शांत झालंय."