चाकण ते चेन्नई, पावणेदोन तास

पुणे ते चेन्नई विमानाने सुमारे नऊशे किलोमीटर, वेळ पावणेदोन तास. आमच्या साहेबांनी सकाळी दहाला मोबाइलमध्ये बघून मला हे सांगितलं. चाकणहून लोहगावच्या विमानतळावर पोचायला किती वेळ लागतो, ते मात्र त्यांनी बघितलं नाही. ते कुणालाच सांगता येत नाही म्हणा.

चेन्नईजवळच्या एका गाड्यांच्या कारखान्यात आमचे बुश, म्हणजे गाडीत बसणाऱ्या लहान धातूच्या नळ्या, संपत आले होते. संध्याकाळी सहाला गाड्या जोडायची लाइन थांबणार, असा निरोप होता. अशा वेळी आमच्याकडे ट्रकवर विसंबत नाहीत, बॅगेत माल भरून माणूसच विमानात बसवतात. या वेळी माणूस म्हणून मी सापडलो. मी म्हणालो, आज सहाला चिंचवडला मुलीच्या शाळेचं गॅदरिंग आहे, तिचा नाच बघायला येतो म्हणून शब्द दिलाय.

"भावा, लाइन थांबली तर उद्यापासून रोजच सहाला घरी असशील," साहेब म्हणाले.

आमच्या धंद्यात माल मशिनवर असतानाच 'गाडी निघाली' म्हणायची रीत आहे. त्याप्रमाणे साहेबांनी माझ्यादेखत चेन्नईला कळवलं, की माणूस विमानात बसला. मी तेव्हा बॅगेत बुश भरत होतो.

तिकडच्यांनी पावणेदोन तास धरून बाराला विमानतळावर गाडी पाठवली. बाराला मी मोशीच्या चौकात एका कंटेनरच्या मागे अडकलो होतो. चेन्नईचा फोन वाजायला लागला. आकाशातल्या माणसाने फोन उचलायचा कसा? नुसती रिंग जाणंही धोक्याचं. मी मोबाइल बंद केला आणि टॅक्सीत पट्टा बांधून गप्प बसलो. सव्वादोनचं विमान कसंबसं मिळालं.

साडेपाचला कारखान्याच्या स्टोअरमध्ये बॅग टेकवली आणि म्हणालो, अर्धा तास राखून आलो. स्टोअरकीपरने ती न उघडताच कोपऱ्यात सरकवली. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने समजावलं, की माल परवापर्यंत पुरेल. पुण्याकडचे लोक निघण्याआधीच निघालो म्हणतात, म्हणून तेही दोन दिवस आधीच लाइन थांबणार म्हणून कळवतात. आम्ही चोर, तर ते मोर. राग यायच्या ऐवजी मला हसूच आलं.

परतीचं विमान सकाळचं होतं. त्या संध्याकाळी साडेसातला बायकोच्या मोबाइलवरून मुलीचा फोन आला, तिला अजून धाप लागत होती. रडून मेकअप उतरू नये म्हणून बायकोने तिला, पप्पा गर्दीत मागे बसलेत, असं सांगून टाकलं होतं. तिच्या पहिल्याच प्रश्नात ते मला कळलं.

"पप्पा, मागून दिसले का मी?"

खरं सांगावं असं फार वाटलं, पण जीभ रेटेना.

"दिसलीस की. सगळ्यांत पुढे तूच तर होतीस."



"मी शेवटच्या ओळीत होते, पप्पा."