रविवारचं भांडण

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या कॅफेटेरियात दर रविवारी सकाळी एक म्हातारा अमेरिकन इथला दाट, दुधाळ करक चहा मागवतो आणि तो गार होऊ देतो, कारण त्याचं फोनवर मुलाशी भांडण चालू असतं. चिडला की टोपी काढतो, पुन्हा घालतो. विषय ठरलेला. खेळताना उत्तेजकं घेतलेल्या एका निवृत्त बेसबॉलपटूला ‘हॉल ऑफ फेम’चा मान द्यावा का? बाप म्हणतो द्यावा, मुलगा म्हणतो छे!

परवा त्यानं फोनवर हात दाबून मलाच विचारलं, “हबीबी, तुम्ही सांगा.”

मला बेसबॉलमधली फक्त बॅट कळते. घरातल्या वादात मी डोळे मिटून बायकोची बाजू घेतो. इथे बायकोच नव्हती, त्यामुळे पार गोंधळलो. शेवटी म्हणालो, “मुलाचं बरोबर वाटतं.”

“मलाही तसंच वाटतं,” तो कुजबुजला. “पण हळू बोला. मी हे कबूल केलं, तर पुढच्या रविवारी तो फोन कशाला करील?”

मग हात काढून तो फोनवर गरजला, “इथले साहेबसुद्धा म्हणतायत, तुझं साफ चुकतंय!”

मी जोरात मान डोलावली. कुणाच्या बाजूनं, ते मला अजून कळलेलं नाही.