इमानाचं पातं

इमानाच्या तडकलेल्या पात्यावर मी काजळ फासलं होतं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तरुणच होते म्हणा, बासष्टची. अक्कलदाढ पडून गेली होती, अक्कल यायची होती.

इमान म्हणजे आमच्या बचत गटाचं फवारणीचं ड्रोन. गावातल्या बायका त्याला इमानच म्हणतात. ते उडवायला शिकली होती ती एकटी माझी सून. त्या हंगामात धानावर तुडतुडा बसला, आणि नेमकं तेव्हाच शेताच्या धुऱ्यावरच्या पळसाला घासून एका पंख्याचं पातं तडकलं. नवं नागपूरहून यायला चार दिवस.

"चार दिवसांत सगळी धानाची बांधी करपून जाईन. चिपकवून टाक ना वं!"

"आई, हा कूलरचा पंखा नाही होय. नवीन आल्याबिगर मी उडवत नाही."

पण मी कोण? शिलाई मशीनपासून पंपाच्या इंजिनापर्यंत सगळं घर सुतळी-चिकटपट्टीवर चालवणारी! ती पोरीला शाळेतून आणायला गेली, तशी मी तडकीत गोंद भरला, वरून बारीक दोरा गुंडाळला आणि दिसू नये म्हणून काजळ. ती आल्यावर म्हटलं, "पेटीतच नवं पातं सापडलं, लावून टाकलं." इतक्या सफाईनं, की माझं मलाच कौतुक वाटलं. एरवी ती प्रत्येक पात्यावरून बोट फिरवायची. त्या दिवशी सासूच्या शब्दावर विसंबली.

तिसऱ्या फेरीला आवाज बिघडला. इमान थरथरलं, कलंडलं आणि तिच्याच अंगावर आलं. पात्याचा तुकडा भुवईत घुसला. पाच टाके पडले. डोळा वाचला, तो कसा ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गटाला शिकवणारे सर आले. म्हणाले, दोऱ्यानं एक पातं जड झालं, त्या थरथरीनं पातं तुटलं, मागोमाग मोटर गेली. "हे बांधलं कोणी?"

मी चहा ठेवायला आत वळले. सून म्हणाली, "आमच्याच घरी झालं, सर." गटानं इमान तिच्याकडून काढून घेतलं.

सर गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. पट्टीखालचा डोळा सुजून बंद झाला होता.

"आई, तुमी चिपकवलेली अजून कोणती कोणती चीज हाये घरात, थे आज सगळं सांगून टाका. मी पोरीले घेऊन राहतो इथं."