म्हसोबाला घातलेली आंघोळ

अपूर्वा जेवली असेल का, ही काळजी वासंतीबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती. मुलगी पस्तिशीला टेकलेली, म्हणजे काळजी करायचं वय केव्हाच उलटलेलं. पण ती मांजरी गावाच्या पलीकडे, उसाच्या फडांमधल्या बंद गुऱ्हाळावर एकटी राहते आणि आठवडाभर नुसत्या बिस्किटांवर आहे, हे कळल्यावर आईला घास कसा उतरावा?

अपूर्वा पहिल्यापासून अशीच. चित्रकलेचा तास संपला तरी हाताचे रंग धुवायची नाही. पुढे चित्रकलाच शिकली, जाहिरातीच्या कंपनीत वर्षानुवर्षं साबणांची वेष्टनं रंगवली आणि एक दिवस राजीनामा देऊन घरी आली. कुणा बागाईतदाराची पडीक बाग, बंगला आणि गुऱ्हाळ तिने भाड्याने घेतलं. तिथे नव्या चित्रकारांनी येऊन राहावं, काम करावं, गावाने ते बघावं, एवढंच तिच्या डोक्यात. मग बाभळी, वटवाघळं आणि गळके पत्रे यांच्याशी झगडा सुरू झाला. रविवारी ती घरी यायची ती झोपायला. वडील, यज्ञेश्वरराव, म्हणायचे, "दमायला तिकडे, निजायला इकडे. सोय चांगली आहे."

शेजारच्या वस्तीवरच्या कौशल्याबाई गवंड्यांना आणि अपूर्वाला भाकरी पोचवायच्या. लेकीच्या नकळत वासंतीबाईंनी त्यांचा नंबर घेऊन ठेवला होता.

बागेत कडुलिंबाखाली शेंदराने माखलेला एक धोंडा होता. अपूर्वाला त्याचा आकार भारी आवडला. तिने तारेच्या ब्रशने शेंदराचे थर खरवडले, दगड लख्ख धुतला आणि गुऱ्हाळाच्या दालनात चौथऱ्यावर, दिव्याच्या झोतात मांडला. खाली पाटी लावली: 'बेसॉल्ट. कर्ता अज्ञात.'

अमावास्येचा नैवेद्य घेऊन कौशल्याबाई आल्या, तर झाडाखाली नुसता खड्डा. त्या दालनात शिरल्या, पाटी वाचली.

"अज्ञात कसला, ताई. म्हसोबा हाय त्यो," त्या म्हणाल्या. "आंगोळ घातली म्हनायची, का सोलला?"

नैवेद्याचं ताट तसंच परत गेलं. दुसऱ्या दिवसापासून भाकरी आली नाही, गवंडीही आले नाहीत. दालनाचं उद्घाटन तर तोंडावर आलेलं.

काल वासंतीबाईंनी फोनवर सांगितलं, "आधी तो जागेवर नेऊन ठेव."

"ठेवला, आई. शेंदूर पण लावला. तरी कोणी फिरकलं नाही."

"शेंदूर तू लावलास?"

"मग कोण लावणार?"

यज्ञेश्वरराव पेपरामागून म्हणाले, "आधी देव सोलला, मग स्वतःच रंगवला. शिक्षण वाया गेलं नाही."

पलीकडे ते ऐकू गेलं असावं. अपूर्वा म्हणाली, "मी सोडून देते आई. खरंच थकले. सामान घेऊन येते रविवारी."

हेच ऐकायला वासंतीबाईंचे कान आसुसले होते. मुलगी घरी येईल, वेळेवर जेवेल. पण जाहिरातीच्या कंपनीतून संध्याकाळी परत यायची तेव्हाचा तिचा तोच विझलेला आवाज कानात राहिला, आणि आज सकाळचा चहा त्यांना गोड लागेना.

नंबर आईकडे आहे हे कळल्यावर अपूर्वा चिडणार. चिडू दे. शेंदूर कोणाच्या हातचा लागतो, नैवेद्याला काय करायचं आणि मायलेकींनी कधी यायचं, एवढंच विचारायचं होतं. 'मी अपूर्वाची आई' म्हटल्यावर तिकडून फोन ठेवला, तर दुपारी पुन्हा करायचा. वासंतीबाईंनी चष्मा लावला आणि कौशल्याबाईंचा नंबर काढला.