अकोल्याच्या शेतातला बिनदारूचा निरोप

पुण्याहून येऊन बडनेऱ्याला उतरलो तर भाची ऋतुजा फलाटावर हजर. अमरावतीच्या एका कॉलेजात ती शिकते. पाया पडून उठते न उठते तोच म्हणाली, "मामा, आराम नंतर. उद्या सकाळी अकोल्याले जायचं हाये." मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाहीच.

ऋतुजा आणि तिच्या मैत्रिणींनी 'शुद्धीतली मंडळी' नावाचा गट काढलाय. दारू, सिगारेट, खर्रा (तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला इकडचा लाडका ऐवज) यांच्यावाचून पोरांनी जमावं, नाचावं, पोटभर जेवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. भाषण नाही, शपथ नाही, म्हणून मला बरं वाटलं. आता अकोल्याच्या एका वसतिगृहातही असा गट झाला होता आणि शेवटच्या वर्षाचा निरोप तिथे पहिल्यांदाच बिनदारूचा होणार होता. ऋतुजा मदतीला निघाली होती.

एसटीत शेजारी फुलांची टोपली घेतलेल्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दारू नाई, तं पोट्टे येतीन काहून?"

"जेवाले येतीन, मावशी," ऋतुजा म्हणाली. मावशींचा विश्वास बसला नाही. माझाही फारसा नव्हता.

अकोल्याला वैभव घ्यायला आला. उंच, काटक, बोलणं रोखठोक. हा तिथल्या गटाचा म्होरक्या. चार महिन्यांपूर्वी त्याने दारू आणि खर्रा दोन्ही सोडलेलं. ऑटोत बसल्या बसल्याच त्याने मला सांगून टाकलं, "मामा, आज माह्याच बॅचचा निरोप हाये. थे पोट्टे धाब्यावर प्याले गेले तं मी बी जाईन. मी मले ओळखतो."

गावाबाहेरच्या शेतात रोडग्यांचा (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे) बेत होता. गोवऱ्या रचलेल्या, कुणी कणीक मळतंय, कुणी वांगी चिरतंय, एकीकडे गाणी. कुणालाही मोकळं बसू द्यायचं नाही, असा त्यांचा नियम. "हात रिकामा राहिला का खिशात जाते," ऋतुजाने कारण सांगितलं. मला मात्र पाहुणा म्हणून बाजेवर बसवलं. तिथेच चुकलं.

पंचवीस वर्षांची सवय. हाताने आपली आपण डबी काढली, तंबाखू मळली. एवढ्यात जाळापासून उठून वैभव घाम पुसत शेजारी येऊन बसला. शेजारच्या माणसापुढे आधी हात करायचा, ही आमची रीत. मी तळहात पुढे केला.

त्याची बोटं चिमटीसाठी माझ्या तळहातापर्यंत आली. समोर ऋतुजाचं वांगं चिरणं थांबलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नको, मामा," वैभव खाली बघत म्हणाला. "मोठ्या मान्साले नाई म्हनाची सवय नाई मले. पन नको." मग उठला आणि मलाही उठवलं. "चाला, तुमी बी वांगे चिरा."

तंबाखू बांधावर झटकली आणि मुकाट्याने विळी ओढली.

रोडगे फोडून वर तुपाची धार, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. नाका-डोळ्यांतून पाणी आलं, तरी तीन खाल्ले. हात धुवून होतात तोच वैभवच्या चार मित्रांनी मोटारसायकली काढल्या. "चाल बे वैभ्या, आता खरी पार्टी. धाब्यावर सांगून ठेवलं हाये."

गाणं थांबलं. सगळे वैभवकडे बघत राहिले.

"मी नाई येत," वैभव म्हणाला.

"काहून बे?"

"आत्ता मामाले तोंडावर नाई म्हटलं मी. तुमी तं घरचेच हा."

हशा पिकला. दोघं तरीही गेले. उरलेल्या दोघांनी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि भाजी उरली आहे का, असं विचारलं. ऋतुजाने पातेलंच त्यांच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसलो. पन्नाशी उलटली माझी. मित्र, साहेब, व्याही, यांच्यापैकी कुणालाही नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, आणि त्यालाच मी आजवर भिडस्तपणा, चांगुलपणा अशी गोड नावं देत आलो. वैभव बावीस वर्षांचा आहे. त्याला ते एका दुपारी दोनदा जमलं.